वाळेल तेवढंच

जुलैत भाईंदरला पाऊस लागला की चार-चार दिवस उघडीप नसते. त्या दिवसांत खिडक्यांच्या ग्रिलकडे बघवत नाही. एकावर एक टाकलेल्या जीन्स, दमट टॉवेल, शाळेचे गणवेश, चादरी आणि त्या सगळ्यांतून गल्लीत उतरणारा आंबूस वास. अशाच एका दुपारी माझी नजर समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अडकली. तिथल्या दोरीवर दोन शर्ट, एक लेंगा आणि एक पंचा, एवढंच. प्रत्येकात हातभर अंतर. दुसऱ्या दिवशी तिथे दुसरे दोन शर्ट होते, तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले. त्या घरात कोण राहतं मला माहीत नाही. पण त्या आठवड्यात अख्ख्या इमारतीत कोरडे कपडे घालून कामावर जाणारा तो एकटाच असणार, असं मला अजून वाटतं.

कमी कपड्यांविषयी हल्ली पुष्कळ बोललं जातं. जपानच्या मारी कोंदो यांचं पुस्तक जगभर गेलं. कपाटातला एकेक कपडा हातात घ्यायचा, त्याने आनंद होतो का ते बघायचं आणि मगच तो ठेवायचा, असं त्या सांगतात. मला ही कल्पना मनापासून आवडते. फक्त आमच्याकडे कपडा हातात घेऊन आधी दुसरंच विचारावं लागतं: हा उद्या सकाळपर्यंत वाळेल का?

मीरा-भाईंदरची हवाच ओली. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र आणि मधल्या सखल जमिनीवर मिठागरं. पावसाळ्यात कपाटातले चामड्याचे पट्टे बुरशीने पांढरे होतात. लोखंडी हँगरला वर्षभरात गंज चढतो आणि तो नेमका आवडत्या पांढऱ्या कुर्त्याच्या खांद्यावर उमटतो. लिंबू पिळून, वर मीठ चोळून तो कुर्ता उन्हात ठेवला तर डाग जातो. पण त्यासाठी ऊन हवं. म्हणून मला लाकडी खुंट्या आवडतात. त्याहून आवडतं ते घडी करून फळीवर ठेवणं.

आईचं कपड्यांचं माप साधं होतं. एक अंगावर, एक दोरीवर, एक घडीत. पावसाळ्यात दोरीवरचं माप दुप्पट धरायचं. त्याहून जास्त जे काही असेल ते लग्नाकार्याचं, आणि ते पेटीत. समोरच्या तिसऱ्या मजल्यावर मी तेच गणित बघत होते.

आता कापडाविषयी. कापूस हवेतली ओल आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास सहज मुरवून घेतो. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा घेत नाही. पॉलिएस्टर झटकन वाळतं ते त्यामुळेच, आणि अंगावरचा घाम अंगावरच ठेवतं तेही त्यामुळेच. सकाळी भाईंदरहून चर्चगेटची गाडी पकडणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. लेडीज स्पेशल 5 मे 1992 रोजी पहिल्यांदा चर्चगेट ते बोरिवली धावली आणि पुढे आमच्या बाजूलाही आली. तिच्यात दाराजवळ उभं राहिलं की कुणी काय नेसलंय हे हाताच्या स्पर्शानेच कळतं. पातळ सुती असेल तर शेजारणीचा दंड आपल्या दंडाला लागला तरी सोसतो.

जाड सुती मात्र पावसात दोन-दोन दिवस वाळत नाही. इथे राहणाऱ्याने मलमल, व्हॉइल, हातमागाचं विरळ विणीचं कापड शोधावं. रात्री पंख्याखाली टाकलं की सकाळी घालता येतं. कापसाचा आणखी एक गुण मला फार भावतो. ओला झाला की त्याचा धागा दुबळा होत नाही, उलट बळकट होतो. धुवा, आपटा, पिळा, तो टिकतो. रेयॉनचं नेमकं उलटं आहे. ओल्या रेयॉनची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. स्टेशनबाहेर दीड-दोनशे रुपयांना मिळणारे ते झुळझुळीत कुर्ते रंगाने मोहात पाडतात, पण पिळताना त्यांची शिवण कशी ताणते ते एकदा नीट बघावं. जीन्सबद्दल माझं मत ठाम आहे. जून ते सप्टेंबर ती कपाटातून बाहेर येऊच नये.

उत्तनला बोंबील वाळवतात ती वलांडी पाहिलीत का? बांबू रोवून आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात. दोन बोंबील एकमेकांच्या तोंडात अडकवून दोरीच्या दोन बाजूंना लोंबते सोडतात, म्हणजे खालून, वरून, मधून वारा जातो. त्या किनाऱ्यावरच्या कोळणींना वाळवणाचं शास्त्र पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. आपण इमारतीतली माणसं कपडे भिंतीला चिकटवून वाळत घालतो आणि उन्हाला दोष देतो. दोन कपड्यांत हातभर अंतर ठेवायचं तर कपडेच कमी हवेत.

आमच्या लहानपणी सगळ्या घराला मिळून एकच लोखंडी कपाट होतं आणि माणशी एक फळी. दिवाळीला बाबा एक तागा आणायचे. त्यातून भावांचे शर्ट, माझा फ्रॉक, उरलं तर उशांचे अभ्रे. शिंपी शिवणीत दोन बोटं माया ठेवायचा, खाली भरपूर दुमड घालायचा, की पुढच्या वर्षी सोडता येईल. फळी भरली की काहीतरी बाहेर पडलंच पाहिजे, ही त्या कपाटाची शिस्त. आणि बाहेर पडणारं कुठे जायचं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दुपारी जेवणं आटोपून आई आडवी व्हायच्या बेतात असली की जिन्यातून हाक यायची, ‘भांडीऽऽय!’ बोहारीण. डोक्यावर टोपली, तिच्यात एकात एक बसवलेली पातेली, डबे, वर पालथी घातलेली परात आणि काखेत गाठोडं. उंबऱ्याबाहेर टोपली उतरवून ती आधी पाणी मागायची. आई तांब्या-भांडं पुढे करायची. मग दोघी समोरासमोर बसायच्या, एक उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, आणि पुढचा तासभर मला तिथून कुणी उठवू शकत नसे.

आईने जुने कपडे एका अभ्र्यात साठवलेले असायचे. सगळे एकदम बाहेर काढायचे नाहीत, हा तिचा नियम. आधी बाबांची पॅन्ट. बोहारीण पॅन्ट उलटी करायची आणि बैठकीचा भाग उजेडाकडे धरायची. कापड विरलेलं असेल तर तिथे सूत जाळीसारखं दिसतं. मग चेन वरखाली, खिशांच्या तळाशी बोटं, पायाशी दुमड उसवली आहे का तेही. शर्टाची कॉलर आतून, काखेतला पिवळेपणा, काजं सैल झालीत का. साडी आली की ती पदराकडे बघतच नसे. काठ आणि अंगाचं कापड जिथे जोडलेलं असतं तिथे दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणायची; साडी फाटते ती तिथूनच.

‘भाभी, ये नहीं चलेगा.’ विरलेलं सुती पातळ ती अलगद बाजूला सारायची. ‘टेरिकॉट दो.’

‘अगं, एवढं धड आहे, बघ तरी!’

ती बघायची नाही. टोपलीतून एक कडीचा डबा काढून मधोमध ठेवायची, झाकण उघडून परत बंद करायची. झाकण बसल्याचा तो घट्ट आवाज आईला ऐकू जावा म्हणून. आई डबा हातात घेऊन बोटाने तळ दाबून बघायची. तळ लवला तर पत्रा पातळ. मग ती ढिगावर एक शर्ट ठेवायची, बोहारीण डब्यावर एक वाटी ठेवायची, आई वाटीऐवजी मोठं पातेलं दाखवायची, बोहारीण ते उचलून सरळ टोपलीत टाकायची. दोघींचे आवाज चढायचे नाहीत. शेवटी ठरलेलं वाक्य यायचं: ‘एक पॅन्ट और डालो, फिर ले लो.’ आई उसासा टाकून आत जायची, कपाट उघडल्याचा आवाज व्हायचा, बराच वेळ काही नाही, आणि मग ती एक पॅन्ट घेऊन बाहेर यायची. ती पॅन्ट सकाळपासून कपाटात वरच काढून ठेवलेली असायची, हे मला ठाऊक होतं. बोहारणीलाही असणार.

या बायका बहुतेक वाघरी समाजाच्या, मूळच्या गुजरातच्या. आमच्याकडून नेलेले कपडे त्या धुऊन, दुरुस्त करून, इस्त्री मारून पुढे मुंबईच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात पोचवायच्या. नाक्यावरचा मजूर तिथून पॅन्ट घ्यायचा. बाबांची पॅन्ट आणखी काही वर्षं कुणाच्या तरी अंगावर कामाला जायची. अगदीच फाटलेल्या कपड्याची चिंधी व्हायची आणि ती गॅरेजमध्ये तेलाचे हात पुसायची.

नवीन कापड घेतानाही आईच्या नजरेत ती बोहारीण असायची, हे मला पुढे लक्षात आलं. दुकानदार रंग दाखवत असे आणि आई कापड उजेडाकडे धरत असे. शिवण उलटून बघत असे. काठ ताणून बघत असे. दहा वर्षांनी जो कपडा डबा मिळवून देईल तोच आज पैसे देऊन घेण्यासारखा, हा तिचा हिशोब. मला कपडे निवडण्याची याहून चांगली कसोटी अजून सापडलेली नाही.

आणि जे पातळ बोहारणीने नाकारलं ते घरातच राहायचं. पाचसहा थर एकावर एक घालून, काठ बाहेरच्या बाजूला लावून, धावदोऱ्याने त्याची गोधडी व्हायची. मऊ तुकड्यांची दुपटी व्हायची. जे कापड सगळ्यांत जास्त धुतलं गेलं तेच नव्या बाळाच्या अंगाला लागायचं. त्यातून उरलेल्याचं फडकं, फडक्याचं पायपुसणं. बाजारात किंमत नसलेलं सगळं चांगलं कापड असं आमच्याकडे शिल्लक राहत गेलं.

तो कडीचा डबा बहुधा आमच्याच गावात घडलेला. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, लहान-लहान गाळ्यांमध्ये. पत्र्याच्या गोल चकत्या कापतात, प्रेसखाली त्यांना खोलगा देतात, लेथवर काठ वळवतात आणि शेवटी पॉलिश. पॉलिशचं चाक म्हणजे बफ. सुती कापडाच्या गोल चकत्या एकावर एक रचून, वळशावळशाने शिवून ते चाक बनवतात. मोटरवर ते गरगर फिरायला लागलं की त्याला मसाला लावतात आणि भांडं त्यावर दाबून धरतात. काळी भुकटी उडते, काम करणाऱ्याच्या पापण्यांवर बसते. तोंडाला फडकं बांधलेलं असतं, तेही काळं. आणि त्या सगळ्यातून आरशासारखं पातेलं बाहेर येतं. स्टीलला चमक देतं ते कापडच. पुढे कापड देऊनच ते भांडं घरात येतं आणि आई त्यावर नाव घालून घेते.

गोधडीवरून आठवतात ते संत गाडगेबाबा (1876-1956). लोक त्यांना गोधडेबाबा म्हणायचे. अंगावर तुकड्याला तुकडा जोडून शिवलेलं वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच, हातात खराटा. लोकांकडून लाखो रुपये आले ते त्यांनी धर्मशाळांना, शाळांना लावले. स्वतःच्या अंगावर शेवटपर्यंत चिंध्याच. त्यांचा फोटो बघताना मला नेहमी त्या तुकड्यांचे निरनिराळे पोत दिसतात. एखादा धोतराचा असेल, एखादा कुणाच्या लुगड्याचा.

दिवाळीच्या आधी ऑक्टोबरचं ऊन पडतं तेव्हा मी कपाट पूर्ण रिकामं करते. फळ्या कोरड्या फडक्याने पुसते, कडुलिंबाचा वाळवलेला पाला पसरते. रेशमी साड्यांच्या घड्या बदलते, कारण त्याच घडीवर वर्षानुवर्षं ठेवल्या तर जरीची तार त्या रेघेवर तुटते. सुटलेली बटणं त्याच दिवशी लावते. एक दिवस सगळे कपडे गच्चीत असतात, आणि गच्चीत मावतील तेवढेच असावेत असं मला वाटतं. त्याहून जास्त असतील तर ते बाहेर जायला हवेत.

बाहेर जायचा रस्ता मात्र आता अरुंद झाला आहे. बहुतेक सोसायट्यांच्या गेटवर फेरीवाल्यांना मनाई असल्याची पाटी आहे. कपडे काळ्या पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीत जातात आणि त्यांत धड कपडे किती असतात हे गाडीवरच्या माणसांना विचारा. बोहारीण अजून येते, आमच्या गल्लीतही येते, पण तिची हाक जिन्यापर्यंत पोचत नाही.

पुढच्या वेळी ती गेटवर दिसली तर वॉचमनला सांगून तिला वर येऊ द्या. आधी पाणी विचारा. कपडे धुऊन, बटणं लावून, घडी करून तयार ठेवा. फाटकं तिच्या गळ्यात मारू नका. आणि शेवटी ती एक पॅन्ट जास्त मागेल. ती द्या.