एक अबोल, एक बोलकी

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. कासारवाडीत वाढलो आणि आजही इथेच राहतो. एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला जुना मुंबई-पुणे रस्ता आणि पुढे नाशिक फाट्याचा दुमजली पूल. अब्बा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. पहाटे डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी अंगाला तेलाचा वास घेऊन परत यायचे. नोकरी म्हटली की आम्हाला तो वास आठवतो.

हा लेख दोघींनी मिळून लिहिला आहे. कोण कुठली ते कळावे म्हणून थोरली आणि धाकटी असेच म्हणतो. थोरली अबोल. पाहुणे आले की पाणी ठेवून आत जाणारी. धाकटी बोलकी. दुधवाल्यापासून शेजारच्या खालापर्यंत सगळ्यांची खबर ठेवणारी. अम्मी म्हणायची, "एकीच्या तोंडाला कुलूप नाही आणि दुसरीच्या कुलपाला किल्ली नाही."

घरातल्यांना आमचे स्वभाव पाठ होते, पण नोकरी शोधताना कोणाला ते आठवले नाहीत. थोरलीने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. त्याच वर्षी अब्बांचे गुडघे दुखायला लागले आणि घराला पगाराची घाई झाली. ओळखीतून मिळाली ती नोकरी घेतली. दिवसभर अनोळखी लोकांना फोन करून कर्जाची माहिती द्यायची. फोन उचलण्याआधी तिच्या हाताला घाम यायचा. आठ महिन्यांत तिची झोप उडाली. धाकटीला मात्र हिशेबाच्या खोलीत बसवले. एका जागी बसायचे, परक्या माणसांशी बोलायचे नाही, मुलीसाठी बरे, असा घरच्यांचा विचार. तिथे ती बिले जुळवता जुळवता गप्पा मारायची आणि चुका करायची. साहेब वैतागून म्हणाले, "इथे आकडे जोडायचे असतात, माणसे नाही."

पुढे दोघींनी वाट बदलली. थोरली चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीला लागली. मायक्रोमीटर, गेज आणि शांतता. ती खुलली. धाकटी दुसऱ्या एका कंपनीत ग्राहकांचा माल कधी निघणार, कधी पोहोचणार हे सांभाळायला लागली. तिच्या बडबडीचाच तिला पगार मिळू लागला. आम्हाला वाटले, झाले, स्वभावाप्रमाणे काम मिळाले, आता सगळे सुरळीत. खरा धडा त्यानंतरचा आहे.

थोरलीच्या मशिनवर एका भागाला भोक पाडले जायचे. कापणारे टूल झिजत गेले की भोक हळूहळू लहान होत जाते. एका दुपारी तिला दिसले, प्रत्येक तासाचे माप थोडे थोडे खाली सरकते आहे. अजून मर्यादेत होते, पण रात्रीपर्यंत राहणार नव्हते. संध्याकाळच्या मीटिंगमध्ये सुपरवायझरांनी विचारले, "सगळे लिमिटमध्ये आहे ना?" तिने मान हलवली. पुढचे वाक्य ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले. रात्रपाळीत शेकडो नग बिघडले आणि तसेच पुढे गेले. माल परत आला. ठेकेदाराकडच्या मुलांचा रविवार एकेक नग निवडण्यात गेला आणि त्या रात्री मशिनवर असलेल्या मुलाला घरी बसवले गेले. थोरली दुसऱ्या दिवशी सुपरवायझरांकडे गेली. आपल्याला आधीच दिसले होते, एकट्या त्या मुलाची चूक नाही, असे तिने सांगितले. ते एवढेच म्हणाले, "मग काल का नाही बोललात?" तो मुलगा परत आला नाही.

त्याच सुमारास धाकटीने एका ग्राहकाला खूश करण्यासाठी फोनवर सांगून टाकले, "परवा माल पोहोचेल." कारखान्यात कोणालाच विचारले नव्हते. शब्द राखण्यासाठी दहा माणसांना दोन रात्री जादा थांबावे लागले. आठवडाभर तिच्याशी तिथे कोणी धड बोलत नव्हते.

त्या दिवसांत आम्ही रात्री चहा घेत खूप बोललो. म्हणजे धाकटी बोलली आणि थोरलीने ऐकले. वाचलेही. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाच्या 1921 सालच्या पुस्तकामुळे जगभर पसरली. 1991 मध्ये बॅरिक आणि माउंट या दोन अमेरिकन संशोधकांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. कामाची चोख जबाबदारी घेणारा स्वभाव त्यांना सगळ्याच प्रकारच्या नोकऱ्यांत उपयोगी दिसला. बोलका स्वभाव मात्र विक्री आणि व्यवस्थापन अशा ठराविक कामांतच विशेष उपयोगी पडत होता. 2013 मध्ये अॅडम ग्रँट यांना आढळले की विक्रीतही सर्वांत बोलके लोक पहिले येत नाहीत. मधल्या स्वभावाचे, म्हणजे बोलता बोलता ऐकणारेही, जास्त विकतात. हे वाचून धाकटी बराच वेळ गप्प होती.

थोरलीचे गप्प राहणे तरी सगळे स्वभावाचे होते का? आम्ही प्रामाणिकपणे विचार केला. घरात दखनी, शाळेत मराठी आणि मीटिंगमध्ये इंग्रजी. वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. शिवाय पहिल्या दिवशी अम्मीने दारात सांगितले होते, "कोणाच्या अध्यात-मध्यात पडू नकोस." त्या खात्यात ओढणी डोक्यावर घेणारी ती एकटीच. आधीच सगळ्यांचे लक्ष जाते, त्यात आणखी कशाला, असे तिला वाटायचे. म्हणजे थोडा स्वभाव, थोडी भाषेची अडचण आणि थोडी भीती. स्वभाव बदलत नाही, तो पाहून काम निवडावे. भाषा शिकता येते. आणि भीतीपायी दुसऱ्याचे नुकसान होत असेल तर "मी अशीच आहे" म्हणून सुटता येत नाही.

उपाय साधेच निघाले. थोरली आता मीटिंगच्या आधी कागदावर तीन ओळी लिहिते. काय दिसले, किती सरकले, काय करावे. तो कागद सुपरवायझरांच्या हातात देते. एकदा ते म्हणाले, "मराठीतच सांगा की." ती दहा मिनिटे बोलली. धाकटीने एक वाक्य पाठ केले आहे, "विचारून चार वाजता सांगते." आणि चार वाजता ती फोन करतेच.

कारखान्यांतही अशी सोय करता येते. क्वालिटी सर्कल ही पद्धत जपानमध्ये 1962 साली सुरू झाली. भारतात ती 1980 मध्ये हैदराबादच्या भेल कारखान्यात आली आणि आज आपल्या पट्ट्यातल्या अनेक कंपन्यांत आहे. काही कामगार एकत्र बसतात, माशाच्या काट्यासारखी आकृती काढतात आणि प्रत्येकजण पाळीपाळीने बिघाडाचे एकेक कारण सांगतो. मोठ्या आवाजाच्या माणसाला पाळी एकच आणि अबोल माणसालाही एकच. थोरली पहिल्यांदा चारचौघांत बोलली ती अशाच बैठकीत.

आपल्या घरांत सर्वांना माहीत असलेली एक गोष्ट या निमित्ताने आठवते. अजानचे शब्द स्वप्नात ऐकले ते हजरत अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांनी. पण प्रेषितांनी (स.) त्यांना ते शब्द हजरत बिलाल (रजि.) यांना शिकवायला सांगितले, कारण बिलाल यांचा आवाज चांगला होता. त्यामुळे अब्दुल्लाह यांचा मान काही कमी झाला नाही.

मागच्या महिन्यात पुन्हा तसेच माप सरकू लागले. या वेळी थोरलीने मीटिंगची वाट पाहिली नाही. मालाला लाल टॅग लावला, मशिन थांबवायला सांगितले आणि टूल बदलून घेतले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि कोणाची नोकरीही गेली नाही. रात्री तिने हे घरी सांगितले तेव्हा धाकटीने एकदाही मध्ये तोंड घातले नाही.

आईवडिलांना आमचे एवढेच सांगणे. मुलांचे निकाल लागले की नुसते गुण आणि पगार पाहू नका. जे मूल तुमच्या डोळ्यांसमोर अठरा वर्षे वावरले, ते कशाने थकते आणि कशाने खुलते हे तुमच्याइतके कोणालाच माहीत नाही. ते आठवा. आणि अबोल लेकीला घरातच चारचौघांत आपले म्हणणे मांडू द्या. आमच्या थोरलीला ते आधी जमले असते, तर तो मुलगा कदाचित आजही कामावर असता.