'तमस' बघा, भिवंडीकरांनी तर नक्कीच

सुट्टीत काय बघू, असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर: गोविंद निहलानींची 'तमस', दूरदर्शनवर १९८८ साली आलेली मालिका. गोष्ट फाळणीच्या वेळच्या पंजाबातली, पण तिचा धागा आपल्या गावातला. १९७० च्या दंगलीनंतर भीष्म साहनी भिवंडीत आले होते, भाऊ बलराज सोबत होते. इथली राखरांगोळी बघून त्यांना १९४७ ची रावळपिंडी आठवली नि ते ही कादंबरी लिहायला बसले.

मालिकेत एका गरिबाला पाच रुपये देऊन डुक्कर मारायला लावतात. पुढे ते मशिदीच्या पायरीवर सापडतं आणि शहर पेटतं. आज तेवढ्याला एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड पुरतो.

पोरांना शेजारी बसवून बघा. त्यांनी ना सत्तर पाहिलंय, ना चौऱ्याऐंशी. निदान पुढचा मेसेज ढकलण्याआधी विचारतील, हे कोणी पाठवलं नि कशासाठी?