रांग कुठे लागते

मी मुलांवर संशय घेतला, हे आधी सांगून टाकतो.

आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या गावाच्या अभ्यासिकेचं इंटरनेट माझ्याकडे आहे. फायबर वाडीपर्यंत आलेली नाही, म्हणून फोर-जी सिमचा राउटर आणि छपरावर अँटेना. सकाळी स्पीड टेस्ट लावली की २० एमबीपीएस दिसायचे, आणि संध्याकाळी सगळा गाव मोबाइल हातात घेऊन बसला की ३. स्पर्धा परीक्षांचे अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रं, ऑनलाइन शिकवण्या, सगळं त्याच्यावरच चालतं. अर्ज अडकला की माझं उत्तर ठरलेलं असे: कुणीतरी व्हिडिओ बघतंय.

मी भिंतीवर सूचना लावली. प्रत्येक फोनला वेगाचा वाटा ठरवून दिला. ज्याचा डेटा सगळ्यात जास्त जात होता, त्या एका मुलाचा फोन बंदच करून टाकला. रेकॉर्ड केलेले तास बघतोय, असं तो सांगत होता. मी ऐकून घेतलं नाही. वेग कमी पडतो म्हणजे कुणीतरी जास्त खातो, हे गणित मला पटलं होतं, कारण त्यात गुन्हेगार सापडत होता आणि न्याय करायला मी होतो. पासवर्ड माझ्याकडे होता, एवढाच काय तो माझा अधिकार. समज नव्हती.

एका संध्याकाळी एका मुलीच्या अर्जात फोटो आणि सही चढेना. शेवटची तारीख. मी उठून सगळ्यांचे फोन बघितले. एकाही फोनवर व्हिडिओ चालू नव्हता. ज्याचा फोन मी बंद केला होता, तोच मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "काका, स्पीड नका बघू. पिंग लावून बघा."

पिंग म्हणजे एक छोटं पॅकेट पाठवायचं आणि उत्तर किती वेळात येतं ते मोजायचं. एरवी आमच्याकडे ते ५०-६० मिलिसेकंदांत येतं. त्या वेळी दोन हजारांच्या वर जात होतं, म्हणजे दोन सेकंदांहून जास्त. आम्ही एकेक फोन वायफायवरून काढत गेलो. शेवटी एकच उरला, तरी आकडा खाली येईना. त्या फोनमधले फोटो मागच्या मागे क्लाउडवर चढत होते. फोनवाल्याला त्याची कल्पनाही नव्हती, आणि असायचं कारणही नाही. तो फोन काढला की आकडा पन्नासवर, जोडला की पुन्हा दोन हजार. मी हे पुन्हा पुन्हा करून बघितलं, कारण मला ते खरं व्हायला नको होतं. डाउनलोड जवळजवळ रिकामा होता. ज्या व्हिडिओंवर मी इतका राग धरला होता, त्यांचा इथे काहीच संबंध नव्हता.

मग तो मुलगा आणि मी कागदावर हिशोब मांडायला बसलो. समजा, संध्याकाळी अपलोड १ एमबीपीएस आहे आणि मोडेमच्या बफरमध्ये, म्हणजे पॅकेटांना थांबायच्या जागेत, २५६ किलोबाइट मावतात. ती जागा भरली की शेवटच्या पॅकेटला बाहेर पडायला दोन सेकंद लागणार. अर्जाचं इवलंसं पॅकेट याच रांगेच्या शेपटाला उभं. डाउनलोडच्या पोचपावत्याही याच वाटेने जातात, म्हणून त्या तुंबल्या की डाउनलोडही रखडतो. वेग पुरेसा असो वा नसो, रांग भलत्याच ठिकाणी लागली होती.

याहून खोल रुतलेली माझी दुसरी समजूत त्यानंतर ढासळली. पॅकेट गळणं म्हणजे जोडणी खराब, असं मी मानत होतो. वाचायला लागलो तेव्हा कळलं, की गळालेलं पॅकेट हाच पाठवणाऱ्याला मिळणारा निरोप असतो. १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात जेमतेम चारशे यार्डांचं अंतर असूनही तिथला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता. त्यातून व्हॅन जेकबसन यांनी जी पद्धत बसवली, तिच्यात पाठवणारा हळूहळू वेग वाढवतो आणि पॅकेट हरवलं की तो कमी करतो. आता एकही पॅकेट न टाकता सगळं साठवून ठेवणारं मोठं बफर मध्ये बसवलं, तर निरोप पोचतच नाही. पाठवणारा वाढवत राहतो, रांग फुगत राहते. २०१० मध्ये जिम गेटिस यांनी आपल्या घरच्या जोडणीवर हेच पाहिलं आणि याला बफरब्लोट हे नाव मिळालं. जे मी चांगल्या राउटरचं लक्षण समजत होतो, तेच दुखणं होतं.

उपाय तयार होता. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे यापेक्षा पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे, हे ती बघते. पाच मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबणं सतत चालू राहिलं, की ती पॅकेट टाकायला लागते. २०१८ पासून लिनक्समध्ये असलेली केक ही व्यवस्था त्यापुढे जाऊन प्रत्येकाची रांग वेगळी करते. गिरणीत कुणाची पोती लागलेली असताना एकच डबा घेऊन आलेल्याला गिरणीवाला मध्येच दळून देतो, तसं ती करते. पोतीवाल्याचं फारसं अडत नाही आणि डबेवाला ताटकळत नाही.

अट एकच: रांग आपल्या राउटरमध्ये लागली पाहिजे, मोडेममध्ये किंवा टॉवरवर नाही. त्यासाठी राउटरला खऱ्या वेगापेक्षा थोडा कमी आकडा द्यावा लागतो. फायबरवर तो एकदा दिला की काम झालं. आमच्याकडे खरा वेग तासातासाला बदलतो. सकाळचा आकडा ठेवला तर संध्याकाळी रांग पुन्हा मोडेममध्ये, संध्याकाळचा ठेवला तर सकाळचा बहुतेक वेग वाया. इथे मला फार जड गेलं. एकदा बरोबर आकडा लावावा आणि निर्धास्त व्हावं, हा माझा स्वभाव. शेवटी त्याच मुलाने राउटरच्या ओपनडब्ल्यूआरटी या प्रणालीवर केक-ऑटोरेट ही स्क्रिप्ट चढवून दिली. ती सतत पिंग करते. उत्तर उशिरा यायला लागलं की मर्यादा खाली आणते, लाइन मोकळी असून मागणी असेल तर वर नेते. थोडा वेग त्यात हातचा जातो. तो जाऊ द्यायला मी तयार झालो.

संध्याकाळचे ३ एमबीपीएस आजही ३च आहेत. व्हिडिओ अस्पष्ट होतो, पण अर्ज जातो आणि बोलणं तुटत नाही. भिंतीवरची सूचना मी काढली, वाटे काढले, त्या मुलाची माफी मागितली. त्याने ती सहज दिली. मी मात्र त्याचे काही महिन्यांचे तास बुडवले होते, ते परत देता आले नाहीत.

तुमच्या घरात, शाळेत किंवा वाचनालयात इंटरनेट अडकलं, तर कुणाचा फोन हिसकावण्याआधी एखादी मोठी फाइल अपलोड करायला लावा आणि त्याच वेळी पिंग बघा. आकडा शेकड्यांत किंवा हजारांत गेला, तर माणसांना बोलू नका, राउटरकडे बघा.