घरकुल मिळाले, अंगणाचे काय? : कैनाडची एक फेरी

मुंबईहून पश्चिम रेल्वेच्या लोकलने निघाले की शेवटचे स्टेशन डहाणू रोड. 2013 सालापासून लोकल विरारच्या पुढे इथपर्यंत येते. स्टेशनच्या पश्चिमेला चिकूच्या वाड्या, सुरूची झाडे आणि समुद्र. सहलीचे लोक बहुतेक तिकडेच वळतात. आम्ही शिक्षक मंडळी हिवाळ्यातल्या एका रविवारी पूर्वेकडे वळलो. रिक्षात दाटीवाटीने बसून कैनाडला पोहोचलो, तेव्हा भातकापणी उरकली होती. शेतात नुसती धसकटे होती आणि अंगणाअंगणांत पेंढ्याचे ढीग.

कैनाड हे डहाणू तालुक्यातले आदिवासी गाव. आपल्या मोहल्ल्यांसारखी गल्लीला गल्ली चिकटलेली वस्ती या भागात नसते. पाडे असतात, आणि एका पाड्यातून दुसऱ्यात जाताना शेताच्या बांधावरून चालावे लागते. वाटेत ताड, शिंदी, मोह, आंबा, जांभूळ. घरे मात्र आता दोन प्रकारची दिसतात. जुनी घरे कारवीच्या कुडाची, वरून माती आणि शेणाने सारवलेली. नवी घरे विटा-सिमेंटची, दारावर योजनेचे नाव रंगवलेली. हीच घरकुले. कोणाला प्रधानमंत्री आवास योजनेतून, कोणाला शबरी आवास योजनेतून मिळालेली.

घरकुल ही गरिबाच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट आहे. पावसाळ्यात छप्पर गळत नाही, कूड दरवर्षी नव्याने बांधावा लागत नाही, साप-विंचवाची भीती कमी होते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घर किमान 25 चौरस मीटरचे असावे लागते. सपाट प्रदेशात त्यासाठी 1 लाख 20 हजार रुपये ठरवले गेले. पैसे हप्त्याहप्त्याने येतात आणि बांधकामाच्या टप्प्याटप्प्याचे फोटो काढले जातात. कागदावर सगळ्याची नोंद असते: पाया, भिंत, छप्पर, शौचालय. नोंद नसते ती दाराबाहेरच्या जागेची.

वारली माणसाचे निम्मे घर दाराबाहेरच असते. भात झोडायचे, मोहाची फुले वाळवायची, जाळी विणायची, पोरांना निजवायचे ते अंगणात. तारप्याच्या सुरावर फेर धरून नाचायचे तेही मोकळ्या जागेतच. जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्रकला जगभर नेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते याच तालुक्यातल्या गंजाडचे. वारली चित्रांतला नाचणाऱ्यांचा तो गोल फेर आपण पडद्यांवर आणि पिशव्यांवर पाहतो. तो फेर धरायला चार घरांच्या मधली जागा लागते, आणि ती कोणा एकाची नसते.

पाड्यातल्या एका आजींनी आम्हाला चटईवर बसवून पाणी दिले आणि बोलता बोलता नेमके हेच सांगितले. पूर्वी झाड आणि विहीर पाहून घर बांधत. आता ज्याचे घरकुल मंजूर होते तो आपल्या जागेत बांधतो, कुंपण घालतो, उरलेले डबर बाहेर टाकतो. वाटेतले झाड आडवे आले तर ते जाते. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. घर हवेच होते, असे त्या दोनदा म्हणाल्या. फक्त उन्हाळ्यात दुपारी बसायचे कुठे, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न नुसत्या सावलीचा नाही. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी, हळदपाडा या भागात माणसे रात्र रात्र घराबाहेर राहिली, तंबूत झोपली. 1 फेब्रुवारी 2019 रोजी 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवसांत भिंतींपेक्षा मोकळे अंगण अधिक भरवशाचे होते. जिथे चार घरांना मिळून रिकामी जागा आहे, तिथे संकटात धावून जायला ठिकाण आहे.

या मातीत सामायिक जागेसाठी आणि गवतासाठी मोठी किंमत मोजली गेली आहे. 1945 साली डहाणू, तलासरी, उंबरगाव भागातल्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध आणि गवतकापणीच्या रास्त मजुरीसाठी लढा दिला. ज्या जंगलावर त्यांचे वाडवडील जगले, तिथलेच गवत ते सावकार-जमीनदारांसाठी कवडीमोलाने कापत होते. गोदावरी परुळेकर यांनी ती हकिगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. पुढे 1991 साली केंद्र सरकारने संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि उद्योगांवर मर्यादा घातल्या. म्हणजे तालुक्याच्या हिरवाईला कायद्याचे संरक्षण आहे. पाड्यातल्या चार घरांमधल्या हिरवाईचे रक्षण मात्र पाड्यालाच करायचे आहे.

त्यासाठी हातात साधनही आहे. डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे. महाराष्ट्राच्या 2014 च्या नियमांप्रमाणे एखादा पाडाही आपली स्वतंत्र ग्रामसभा करू शकतो. सामायिक पाणी, जमीन, झाडे यांबाबत ग्रामसभेचा शब्द मोलाचा असतो. 2015 पासून आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी अशा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. रोजगार हमीतून वृक्षलागवडीची मजुरी निघू शकते. घरकुले मंजूर होताना कुठली जागा मोकळी राहील, कुठले झाड तुटणार नाही, असा ठराव त्याच सभेत झाला तर आजींच्या प्रश्नाला उत्तर मिळेल.

परतीच्या लोकलमध्ये आमचे बोलणे साहजिकच आपल्या वस्त्यांकडे वळले. कैनाडमध्ये अंगण जायच्या वाटेवर आहे. मुंबईत गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये ते आधीच गेलेले होते. रस्ते-पुलांच्या कामांत झोपड्या गेलेल्या कुटुंबांना तिथे सरकारने घरे दिली. घर 225 चौरस फुटांचे, इमारती सुमारे 60, दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर. मधल्या पट्ट्यात कचरा आणि गटाराचे पाणी. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेच्या 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नटवर पारेख, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजीपी या तीन वसाहती पाहिल्या गेल्या. घरातला अपुरा उजेड, कोंदट हवा आणि क्षयरोग यांचा संबंध त्यात समोर आला. चार भिंती दिल्या, पण मधली जागा दिली नाही, तर घर माणसाला आजारीही पाडू शकते.

पण त्याच वसाहतीत पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. कम्युनिटी डिझाइन एजन्सी ही संस्था आणि रहिवासी, त्यात महिला आणि तरुणही, एकत्र आले. कचऱ्याची जागा साफ झाली, मुलांना खेळायला जागा झाली, भिंतींवर चित्रे आली, ‘किताब महल’ नावाचे वाचनालय उभे राहिले. 2023 च्या फेब्रुवारीत तिथे गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल भरला. नुसती संस्था आली म्हणून हे घडले नाही. जागा कशी हवी हे रहिवाशांना विचारले गेले आणि त्यांनी ती आपली मानली.

जागा कोणाची हे माहीत असले की ती सांभाळली जाते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात सिडकोसाठी बेलापूरला कमी खर्चाची घरे आखली, तेव्हा सात-सात घरांच्या मध्ये साधारण 8 मीटर बाय 8 मीटरचा एक चौक ठेवला. हजार घरांचे मैदान कोणाचेच नसते. सात घरांचा चौक सातांचा असतो.

आपल्या दीनमध्ये ही शिकवण नवी नाही. पाणी, गवत आणि अग्नी यांत सर्व लोक भागीदार आहेत, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. लोकांच्या वाटेवर किंवा ते बसतात त्या सावलीत घाण करणे त्यांनी लानतीचे काम ठरवले. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचाच भाग मानला. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पक्ष्याने वा जनावराने खाल्ले तरी ते लावणाऱ्याच्या खात्यात सदका म्हणून लिहिले जाते. आपण वुजूसाठी पाण्याच्या स्वच्छतेची इतकी काळजी घेतो, मग इमारतीच्या मागच्या पट्ट्यात खिडकीतून पिशवी टाकताना हात का थबकत नाही?

सुरुवात लहान असावी. इमारतीतल्या सात-आठ घरांनी मिळून एक तुकडा निवडावा. आधी महिनाभर फक्त तो स्वच्छ ठेवावा. मग पावसाच्या तोंडाशी दोन-तीन झाडे लावावीत: कडुलिंब, करंज, जांभूळ. एका झाडाला एक घर जबाबदार असावे, पाणी घालायच्या पाळ्या मुलांना वाटून द्याव्यात. मस्जिदीच्या हौदाचे किंवा वुजूचे पाणी गटारात न सोडता झाडांकडे वळवता येते का, ते ट्रस्टींना विचारावे. म्हाताऱ्यांसाठी एक बाक, बायकांना निर्धास्त बसता येईल असा उजेड आणि मुलांना पळायला थोडी जागा, एवढे जमले तरी पुष्कळ झाले. सोसायटीच्या किंवा वॉर्डाच्या सभेत हा विषय लेखी मांडावा, म्हणजे उद्या तिथे कोणी गाड्या लावू म्हणाला तर दाखवायला कागद राहील.

कैनाडच्या आजींकडे अजून मोहाचे झाड आहे आणि त्याखाली बसायला माणसे आहेत. आपल्यापैकी अनेकांकडे माणसे आहेत, झाड नाही. कियामत समोर दिसत असतानाही हातात रोप असेल तर ते लावावे, असे सांगणाऱ्या रसूलची (स.) आपण उम्मत आहोत. पावसाळ्याला अजून वेळ आहे. तोवर जागा निवडून ठेवू या. अल्लाह आपल्याला तौफीक देवो. आमीन.