जीन

दसरा झाला की परतूर तालुक्यात बोलण्याचा विषय एकच. “जिनिंगला काय भाव चालू हाये?” पारावर, चहाच्या टपरीवर, एसटीत, कुठंही हा प्रश्न कानी पडतो. आमची जुनी माणसं नुसतं ‘जीन’ म्हणतात. “कापूस जिनात घातला” असं ते बोलतात आणि ऐकणाऱ्याला तो शब्द परका वाटत नाही.

हा शब्द मला फार आवडतो. दारूच्या ‘जिन’शी त्याचं काही नातं नाही, ते नाव जुनिपरच्या फळावरून आलं. आपला जीन म्हणजे ‘एंजिन’चं तुटून उरलेलं शेपूट. लॅटिनमध्ये ‘इंजेनियम’ म्हणजे जन्मजात अक्कल, उपजत हुशारी. त्यातला ‘जेन’ हा धातू आणि संस्कृतातला ‘जन्’ एकाच मुळाचे. जन्म, जनक, जननी आणि परतूरचं जिनिंग ही सारी एकाच गोतातली! हुशारीचा अर्थ पुढं युक्तीकडं सरकला, युक्तीचा यंत्राकडं. जुन्या इंग्रजीत पाखरं-सशांसाठी लावलेल्या फासालाही जिनच म्हणत.

यंत्राजवळ उभं राहिलं की ती अक्कल डोळ्यांना दिसते. चामड्याचा रूळ तंतू ओढून घेतो, पातं सरकीला ठोकत राहतं. रुई एकीकडं, सरकी दुसरीकडं. हवेत तरंगणारी बारीक रुई कामगारांच्या पापण्यांवर बसते.

या यंत्राच्या गोष्टीत अमेरिकेच्या एली व्हिटनीचं नाव हमखास येतं. त्याला 1794 मध्ये पेटंट मिळालं. सरकी झटपट निघू लागली, तशी कापसाची शेतं वाढली आणि त्या शेतांत राबायला गुलामही. 1790 मध्ये तिथं सुमारे 7 लाख गुलाम होते, 1860 मध्ये जवळपास 40 लाख. शब्दाचा फासाचा अर्थ तिथं असा खरा झाला. ही गोष्ट वाचली की माझा जीव कळवळतो, कारण ऊन डोक्यावर घेऊन किलोवर वेचणी करणाऱ्या बाया मी रोज बघतो.

पण सरकी काढायची अक्कल व्हिटनीच्या कितीतरी आधीची आहे. पाटावर लाटणं फिरवावं तसा कापसावर रूळ फिरवून सरकी काढायची रीत आपल्याच मराठवाड्यात, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत, पाचव्या शतकात रंगवलेली दिसते. पुढं दोन लाटांची हातचरखी आली. ती कुणी पहिल्यांदा जुळवली, त्याची कुठं नोंद नाही, पेटंट तर नाहीच. पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी बायकांनी ती फिरवली. 1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे परतूरवरून धावू लागली. मराठवाड्याच्या कापसाला लांबचे बाजार जवळ आले, गावोगावी वाफेवरची जिनं उभी राहिली आणि चरखी माळ्यावर गेली. इंजेनियम हा शब्द खरा शोभतो तो त्या बायकांना, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या घरी माळ्यावर अशी चरखी अजून असेल, तर ती सरपणात घालू नका. घरातल्या म्हाताऱ्या आजीला तिच्या एकेका भागाचं नाव विचारा आणि ती सांगेल तसं, तिच्याच बोलीत, लिहून ठेवा.