डिस्चार्जनंतरचं फुफ्फुस

२०२१ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीत कोविडच्या आजाऱ्याची विचारपूस एकाच प्रश्नाने व्हायची: "स्कोअर किती आला?" छातीच्या सीटी स्कॅनचा पंचवीसपैकी आकडा गल्लीभर ठाऊक असे. फुफ्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला पाच गुण. सात आला की घरचे निर्धास्त, अठरा आला की नागपूरला बेड मिळतो का याची फोनाफोनी. तो आकडा त्या दिवशी फुफ्फुसाचा किती भाग धरला गेलाय एवढंच सांगत होता. हा माणूस सहा महिन्यांनी पाठीवर फवारणीचा पंप घेऊन पऱ्हाटीच्या तासांतून चालू शकेल का, हे त्यात नव्हतं. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे आणि तो अजून पुरेसा विचारला जात नाही.

*

मोठ्या माणसाच्या फुफ्फुसात सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात. त्यांच्या भिंतीत मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी. पहिल्या चपट्या, अतिशय पातळ. हवा आणि रक्त यांची देवाणघेवाण त्यांच्यातून होते. दुसऱ्या जाडसर, त्या सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध द्रव तयार करतात, म्हणून श्वास सोडल्यावर वायुकोश मिटून चिकटत नाहीत. दुसऱ्या प्रकाराकडे आणखी एक काम आहे, ते म्हणजे दुरुस्तीचं. चपट्या पेशी मेल्या की या जाडसर पेशी विभागतात, पसरतात आणि स्वतःच चपट्या होऊन भिंत भरून काढतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली उंदरांमध्ये खुणा केलेल्या पेशींचा माग काढून हे नीट दाखवलं. फुफ्फुस एकदा खराब झालं की संपलं, ही समजूत चुकीची आहे. ते स्वतःला सांधतं.

अडचण अशी, की कोरोनाचा आणि फ्लूचा विषाणू याच दुसऱ्या प्रकारच्या पेशींवरही घाव घालतो. दुरुस्ती करणारेच जायबंदी होतात.

*

२०२० साली वेगवेगळ्या प्रयोगशाळांना दुरुस्तीतला एक मधला टप्पा सापडला. जाडसर पेशी चपटी होण्याच्या वाटेवर काही काळ अधलीमधली असते, मग पुढे जाते. कोविडने गेलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसात आणि फुफ्फुसं घट्ट होत जाणाऱ्या फायब्रोसिसमध्ये अशा अधल्यामधल्या पेशी मोठ्या संख्येने साचलेल्या दिसल्या. त्या मागेही जात नव्हत्या, पुढेही. पेशी इथे का अडकते आणि तिला पुढे कसं न्यायचं, यावर आज जगभर काम चाललं आहे. व्रण पडू नये म्हणून भविष्यात औषध निघालं, तर ते बहुधा या टप्प्यावर काम करणारं असेल.

*

फ्लूचं एक निराळं निरीक्षण. उंदरांना जबर इन्फ्लुएन्झा झाल्यावर नष्ट झालेल्या जागी श्वासनलिकेतल्यासारख्या पेशींचे पुंजके उगवतात. भगदाड बुजतं, पण तिथे हवेची देवाणघेवाण जवळजवळ होत नाही. एक्स-रे सुधारला तरी माणसाचा दम सुधारत नाही, हे कसं घडू शकतं त्याचा एक धागा इथे मिळतो.

*

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. यवतमाळ तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतं, आणि देशात सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांत हा प्रांत होता. हिंदुस्थानात त्या साथीने सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं नेली. मेलेल्यांची मोजदाद निदान अंदाजाने झाली. जगले, पण पुढे आयुष्यभर धापा टाकत राहिले, अशांची नोंद कुणी ठेवली नाही. शंभर वर्षांनी तरी ही चूक पुन्हा होऊ नये.

*

भारतातली एक नोंद मोलाची आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने पहिल्या लाटेतून बऱ्या झालेल्या २०७ जणांची फुफ्फुसं तपासली; निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. फुफ्फुसातून रक्तात वायू किती शिरतो हे मोजणाऱ्या चाचणीत ४४ टक्के लोक कमी पडले. ३५ टक्क्यांची फुफ्फुसं पुरती फुलत नव्हती. युरोप आणि चीनमधल्या रुग्णांपेक्षा आपली हानी जास्त दिसली. बहुतेकांची तब्येत पुढे सुधारते, हेही खरं. पण सगळ्यांची नाही.

*

आपली हानी जास्त का? एक कारण मला आपल्या स्वयंपाकघरात दिसतं. कापूस निघाला की पऱ्हाट्या उपटून त्यांच्या मोळ्या घराशी रचल्या जातात, शेजारी तुराट्या. गॅस असला तरी अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच. पऱ्हाटी भडकन पेटते आणि लवकर विझते, म्हणून बाईला सतत चुलीपाशी वाकून काड्या सारत, फुंकत बसावं लागतं. तोंड धुराच्या लोटात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं, की जगाचा विचार केला तर सीओपीडीचं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं, सर्वांत मोठं कारण विडी-सिगारेट नसून असा धूर असू शकतो. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या आजीला "धूम्रपान करणाऱ्यांचा" आजार होतो तो असा. भारतात २०१६ साली सीओपीडीचे साडेपाच कोटी रुग्ण होते. १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख.

*

दुसरं कारण जिनिंगमध्ये. सरकी आणि रुई वेगळी होताना वाळलेल्या पात्या-पानांचा चुरा हवेत उडतो आणि त्यावरच्या जिवाणूंचं विष श्वासात जातं. आठवड्याच्या सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, मग हळूहळू सवय झाल्यासारखं वाटतं. बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या छातीच्या आजाराची, ही सुरुवातीची खूण. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही.

*

तिसरं शेतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा थेट तोंडावर येत होता. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं श्वासनळ्या आवळतात आणि छाती स्रावाने भरून टाकतात. जे वाचले त्यांच्या छातीचं पुढे काय झालं, हाही डिस्चार्जनंतरचाच प्रश्न आहे. विषाणू कोऱ्या फुफ्फुसात शिरत नाही. आधीचा धूर, धूळ, फवारा, कधी जुना टीबी, या सगळ्यावर तो येतो.

*

उपचाराबद्दल एक दिलासा. चंदीगडच्या पीजीआयने कोविडनंतर फुफ्फुसात दोष राहिलेल्या १३० जणांवर तुलना केली. अर्ध्यांना प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ४० मिलिग्रॅमपासून सुरू केलं, अर्ध्यांना १० मिलिग्रॅम. सहा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच. मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्या भागात स्टिरॉइडचा जास्त डोस टळणं ही मोठी गोष्ट आहे.

*

"पंप नको, सवय लागते," हे इनहेलरबद्दलचं वाक्य दम्याच्या आणि सीओपीडीच्या प्रत्येक घरात ऐकू येतं. हिशेब पाहा. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या गोळीत ४ मिलिग्रॅम औषध. इनहेलरच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा भाग, आणि तोही थेट श्वासनळीत. गोळीने हात थरथरतात, छाती धडधडते, आणि तरी लोक गोळीलाच साधी समजतात.

*

घरी करता येणारी एक परीक्षा. बसल्या जागी बोटाला ऑक्सिमीटर लावा. मग साध्या खुर्चीवरून हातांचा आधार न घेता एक मिनिट उठबस करा. सोबत कुणीतरी असू द्या, चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर थांबा. आकडा ३ किंवा त्याहून जास्त अंकांनी घसरला, तर बसल्या जागचा ९७ फसवा आहे. मुळातच ९४ च्या खाली असेल तर परीक्षा नको, डॉक्टर गाठा.

*

तेव्हा सांगणं इतकंच. कोविड, फ्लू किंवा न्यूमोनिया होऊन तीन महिने उलटले आणि अजून चढावर धाप लागत असेल, तर "अशक्तपणा आहे, जाईल" म्हणून बसू नका. आर्णीहून चाळीसेक किलोमीटरवर यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, स्वतःहून मागा. रोज थोडं थोडं चालणं वाढवा. दुरुस्ती चालू असलेल्या माणसाला वर्षभर चुलीपुढे, जिनिंगमध्ये आणि फवारणीला पाठवू नका. आणि ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघेल तेव्हा आपल्या ग्रामीण रुग्णालयात स्पायरोमीटर आणि तो चालवणारा माणूस कायम असावा, ही मागणी लेखी द्या.