‘दुखलं तरच घ्या’

आमच्या तालुक्यात तंबाखू घराघरात, त्यामुळे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंटही कायमचे. मोठ्या शहरात केमो, रेडिएशन होतं, ‘आता घरी न्या’ असं सांगितलं जातं आणि पुढचं सगळं आमच्यासारख्या डॉक्टरांवर येतं. ते निभावताना मी कुठे चुकलो, ते लिहितो.

पहिली चूक मॉर्फिनला, म्हणजे कॅन्सरच्या तीव्र वेदनेवरच्या औषधाला, घाबरण्याची. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांची कटकट वाढली, हे खरं. २०१४च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, तरी मी कायद्याचीच सबब सांगत राहिलो. खरी भीती वेगळी होती: पेशंटला सवय लागेल, श्वास मंदावेल. एमबीबीएसला मॉर्फिनचे धोके पाठ केले होते. दुखणं किती आहे, हे पेशंटला विचारून मोजायचं असतं, ते कुणी शिकवलं नव्हतं. कण्हणाऱ्या माणसांना मी ट्रामाडॉलसारख्या सौम्य वेदनाशामकावर ठेवलं.

प्रशिक्षण घेऊन मॉर्फिन लिहू लागलो, तेव्हाही सवयीने चिठ्ठीवर ‘दुखलं तरच घ्या’ असं लिहीत गेलो. साध्या गोळीचा असर चारेक तासांत ओसरतो. दुखणं परत उसळण्याआधीच पुढची गोळी पोटात जायला हवी. घड्याळ पाहून औषध द्या, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच सांगून ठेवलं होतं.

एका आजींनी गोळ्याच सोडल्या. सून म्हणाली, “साहेब, गोळी घेतली की पोट फुगतंय म्हणत्यात. आठवडा झाला, परसाकडं झाली नाही.” मॉर्फिनने बद्धकोष्ठ होणार, हे ठरलेलंच. पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच चिठ्ठीत हवं होतं. मी लिहिलं नव्हतं आणि आजी पुन्हा दुखण्यात गेल्या.

सर्वांत जास्त सलते ती खोटं बोलण्याची चूक. एका पेशंटच्या मुलाने दाराबाहेर गाठून सांगितलं, “आबांना कळू देऊ नका.” बाहेर ओपीडीची रांग होती, समजावत बसायला वेळ नव्हता. मी आबांना म्हणालो, “जखम आहे, भरेल.” त्यांनी जमिनीच्या वाटणीचं बोलणं बरं झाल्यावर करू म्हणून पुढे ढकललं. ते राहूनच गेलं. आता मी आधी पेशंटलाच विचारतो, “आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय?” आणि नातेवाइकांना बजावतो, की पेशंटने विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.

तुमच्या घरात असा पेशंट असेल आणि डॉक्टर म्हणाले, ‘आता करण्यासारखं काही नाही’, तर तिथून उठू नका. दुखणं, धाप, उलटी, झोप यांचं काय करणार, ते एकेक करून विचारा. उत्तर नसेल, तर पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारे उपचार, कुठे मिळेल, तेवढं तरी त्यांच्याकडून लिहून घ्या.